भिवंडीचा टनेल दर अर्ध्या तासाने का पडतो? साइट-टू-साइट व्हीपीएन तपासण्याचा धागा

गोदाम_नेट | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, मांडणी अशी आहे. पुण्याच्या मुख्य ऑफिसात फायबर, स्टॅटिक आयपी आणि दुसऱ्या कंपनीचा फायरवॉल, लॅन १०.१०.१.०/२४. भिवंडीच्या गोदामात साधं ब्रॉडबँड (पीपीपीओई) आणि मायक्रोटिकचा एचईएक्स, म्हणजे आरबी७५०जीआर३, राउटरओएस ७; लॅन १०.२०.१.०/२४. दोन ऑफिसांना इंटरनेटवरून जोडणारा एन्क्रिप्टेड टनेल आयपीसेकचा: किल्ल्या ठरवायला आयकेई-व्ही२, ओळखीला दोन्हीकडे आधीच टाकलेली एकच की (प्री-शेअर्ड की). दोन्हीकडे एईएस-२५६-सीबीसी आणि शा-२५६. भिवंडीच्या राउटरला वॅनवर (इंटरनेटच्या बाजूला) १००.७२ ने सुरू होणारा पत्ता मिळतो.

लक्षणं चार:

१) टनेल लगेच उभा राहतो, सगळं चालतं, आणि बरोबर अर्ध्या तासाने डेटा थांबतो. पीअर (पलीकडच्या टोकाची नोंद) डिसेबल करून पुन्हा एनेबल केला की परत अर्धा तास चालतो.
२) पिंग व्यवस्थित, पण पुण्याचं शेअर्ड फोल्डर उघडताना अडकतं. लहान फाइल येते, मोठी येत नाही.
३) भिवंडीच्या राउटरच्या टर्मिनलवरून पुण्याला पिंग जातच नाही, टनेल चालू असतानाही.
४) पुण्याहून भिवंडीचे पीसी दिसतात, सीसीटीव्हीचा डीव्हीआर दिसत नाही.

लाइनवाल्यांचं म्हणणं की लाइन ठीक आहे. कुठून सुरुवात करू?

ईएसपी_पन्नास | सोमवार, रात्री १०.१५

लाइन खरंच ठीक आहे. लाइनची खोट असती तर वेळ इतकी नेमकी आली नसती. घड्याळ लावल्यासारखा टनेल पडतो तेव्हा लाइफटाइम (किल्लीची मुदत) आणि रिकी (मुदत संपण्याआधी नवी किल्ली ठरवणं) बघायची.

राउटरओएसमध्ये आयपीसेकच्या प्रपोजलचा (डेटाच्या एन्क्रिप्शनची सेटिंग, म्हणजे फेज-२) लाइफटाइम मुळात ३० मिनिटं असतो. 'इन्स्टॉल्ड एसए' मध्ये (एसए म्हणजे किल्लीसह ठरलेली जोडणी) त्याचे दोन आकडे दिसतात, साधारण २४ मि./३० मि. असे. चोविसाव्या मिनिटाच्या आसपास राउटर नवीन किल्ली मागायला सुरुवात करतो. ती मिळाली नाही तर जुना एसए तिसाव्या मिनिटाला संपतो. म्हणजे तुमच्याकडे रिकी फसते आहे.

रिकी फसते, मग पहिल्यांदा टनेल उभा कसा राहतो? याचं कारण आयकेई-व्ही२ च्या रचनेत आहे. पहिला चाइल्ड एसए (डेटा वाहणारा) ऑथेंटिकेशनच्या देवाणघेवाणीतच तयार होतो आणि त्या वेळी वेगळी डिफी-हेलमन (गुप्त किल्ली ठरवण्याची पद्धत) होत नाही. पीएफएसचा ग्रुप (रिकीला नव्याने होणाऱ्या डिफी-हेलमनचं माप) तिथे तपासलाच जात नाही. तो पहिल्यांदा वापरला जातो तो रिकीच्या वेळी. दोन्हीकडचे पीएफएस ग्रुप वेगळे असले तरी सुरुवात सुरळीत होते आणि पहिल्या रिकीला गाडी अडते. पीअर बंद-चालू केलात की आयकेई पुन्हा पहिल्यापासून होते, म्हणून परत अर्धा तास मिळतो. त्या बंद-चालूमुळेच मूळ दोष महिनोन् महिने झाकला जातो.

राउटरओएसच्या मूळ प्रपोजलमध्ये पीएफएस ग्रुप मॉडपी-१०२४, म्हणजे ग्रुप २ असतो. आजचे बहुतेक फायरवॉल ग्रुप १४ (मॉडपी-२०४८) किंवा त्याच्या वरचा मागतात. पुण्याच्या फायरवॉलमध्ये फेज-२ खाली काय निवडलंय ते बघा आणि भिवंडीत तेच ठेवा. जुळवायचं म्हणून पुणं ग्रुप २ वर खाली आणू नका, तो आता कमकुवत धरला जातो.

गोदाम_नेट | सोमवार, रात्री १०.३५

पुण्यात फेज-१ ग्रुप १४, फेज-२ पीएफएस ग्रुप १४. भिवंडीत फेज-१ च्या प्रोफाइलमध्ये मॉडपी-२०४८ आहे, पण प्रपोजलमध्ये मॉडपी-१०२४ च राहिलंय. बदललं. आता खात्रीसाठी अर्धा तास थांबायचं का?

ईएसपी_पन्नास | सोमवार, रात्री १०.५०

थांबू नका, रिकी लवकर घडवून आणा. भिवंडीच्या प्रपोजलचा लाइफटाइम तात्पुरता ५ मिनिटं करा. चालू एसएवर हा बदल लागू होत नाही, त्यामुळे 'इन्स्टॉल्ड एसए' फ्लश करा. पुण्याचा लॅपटॉप भिवंडीच्या एखाद्या पीसीला सतत पिंग करत ठेवा आणि किमान चार रिकी जाऊ द्या. प्रत्येक रिकीला 'इन्स्टॉल्ड एसए' मधला एसपीआय (एसएचा क्रमांक) बदलायला हवा आणि पिंगमध्ये फार तर एखादं पॅकेट हरवावं. एकही रिकी न बघता टनेल 'चालू' म्हणून कोणाच्या ताब्यात देऊ नये.

सोबत लॉग लावा. सिस्टिम, लॉगिंगमध्ये 'आयपीसेक' हा टॉपिक घ्या आणि 'पॅकेट' वगळा. नाहीतर हेक्साडेसिमल आकड्यांच्या ओळींत कामाची ओळ सापडत नाही. लॉगमधल्या शब्दांना ठरावीक अर्थ आहेत. 'नो प्रपोजल चोझन' म्हणजे एन्क्रिप्शन, हॅश किंवा ग्रुप यांपैकी काहीतरी जुळत नाही. 'टीएस अनअ‍ॅक्सेप्टेबल' म्हणजे सबनेट आरशातल्यासारखे उलटसुलट नाहीत, एकीकडे /२४ आणि दुसरीकडे /१६ वगैरे. 'ऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणजे की चुकली किंवा आयडी चुकला, आणि आयडीच जास्त वेळा चुकतो. 'टाइम अप' आला तर पलीकडून उत्तरच येत नाही. तिथे की तपासत बसण्यापेक्षा यूडीपी ५०० आणि ४५०० पोचतात का ते बघा.

बाइट_मोजणी | मंगळवार, सकाळी ८.०५

दुसरं लक्षण, लहान फाइल येते आणि मोठी अडकते, हा सरळ एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) प्रश्न आहे. तुमच्याच आकड्यांनी हिशेब करून दाखवते.

वॅनवरच्या १००.७२ च्या पत्त्यावरून दिसतं की भिवंडी लाइन कंपनीच्या नॅटच्या मागे आहे (स्वतःचा पब्लिक आयपी नाही), म्हणून ईएसपी, म्हणजे आयपीसेकचं एन्क्रिप्ट केलेलं पॅकेट, यूडीपी ४५०० मध्ये गुंडाळला जातो. बाहेरचा आयपी हेडर २० बाइट, यूडीपी ८, ईएसपी हेडर ८, एईएस-सीबीसीचा आयव्ही १६, शेवटी शा-२५६ चा तपासणी-तुकडा १६. बेरीज ६८. पीपीपीओईचा एमटीयू १४९२, त्यातून ६८ गेले की उरले १४२४. सीबीसीला १६ च्या पटीत माप लागतं. १४२४ म्हणजे नेमके ८९ × १६. त्यातले २ बाइट ईएसपीच्या शेपटीला जातात. आतलं पॅकेट जास्तीत जास्त १४२२ बाइटचं.

गंमत अशी, की १५०० एमटीयूच्या लाइनवरही हाच आकडा निघतो. १५०० वजा ६८ म्हणजे १४३२, पण १६ च्या पटीत खाली उतरलं की पुन्हा १४२४. म्हणून लाइन बदलून हा प्रश्न सुटत नाही.

आता पडताळा. विंडोजवर पिंगला -एफ (तुकडे करू नको) आणि -एल (आकार) द्या. १४२२ मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की १३९४. १३९४ ला उत्तर यायला हवं आणि १३९५ ला नाही. लिनक्सवर -एम डू आणि -एस १३९४. उत्तर त्याच्याही आधी थांबलं, तर वाटेत कुठेतरी एमटीयू आणखी कमी आहे.

उपाय टीसीपी एमएसएस (एका पॅकेटातला कमाल टीसीपी डेटा) खाली आणण्याचा. १४२२ वजा ४० म्हणजे १३८२ ही वरची मर्यादा. १३६० ठेवा, थोडी जागा राहते. राउटरओएसमध्ये फायरवॉल मँगल, फॉरवर्ड चेन, टीसीपी सिन पॅकेट, 'चेंज एमएसएस' १३६०, आणि दोन नियम: एक आयपीसेक-पॉलिसी 'आउट, आयपीसेक' साठी, दुसरा 'इन, आयपीसेक' साठी. एकच नियम लावला तर एका दिशेची कॉपी धावते आणि दुसऱ्या दिशेची रखडते. हे नेहमी होतं.

आणखी एक. फास्टट्रॅक (चालू कनेक्शनसाठीचा जलद मार्ग) चालू असेल तर फास्टट्रॅक झालेली कनेक्शन मँगल आणि आयपीसेक पॉलिसी दोन्ही ओलांडून जातात. मूळ कॉन्फिगरेशनमध्ये आयपीसेकचे 'इन' आणि 'आउट' असे दोन अ‍ॅक्सेप्ट नियम फास्टट्रॅकच्या वर असतात. कोणी ते 'अनावश्यक' म्हणून काढले नाहीत ना, ते बघा. मास्करेड नियमातही आयपीसेक-पॉलिसी 'आउट, नन' असायला हवं, नाहीतर पॅकेटचा सोर्स पत्ता आधी बदलतो आणि मग ते पॉलिसीत बसत नाही.

रॅक_ताई | मंगळवार, सकाळी ९.२०

तिसऱ्या आणि चौथ्या लक्षणाचं थोडक्यात.

राउटरवरून पिंग करताना 'सोर्स अ‍ॅड्रेस' १०.२०.१.१ द्या. दिला नाही तर राउटर वॅनचा पत्ता वापरतो, आणि तो पॉलिसीत नाही. टनेल निर्दोष असतो, चाचणी चुकीची असते.

डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवे बघा. बहुतेक वेळा रिकामा असतो किंवा जुन्या राउटरचा पत्ता राहिलेला असतो. एकाच लॅनमध्ये बघताना गेटवे लागत नाही, त्यामुळे उणीव दिसत नाही. पलीकडच्या सबनेटला उत्तर देताना मात्र लागतोच.

आणि विंडोजचा फायरवॉल विसरू नका. पिंग आणि फाइल शेअरिंग (टीसीपी ४४५) यांचे मूळ नियम बऱ्याच प्रोफाइलमध्ये फक्त 'लोकल सबनेट'साठी खुले असतात. पुण्याच्या पीसीवर नियमाच्या 'स्कोप'मध्ये पलीकडचा १०.२०.१.०/२४ घाला. फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवू नका.

गोदाम_नेट | मंगळवार, दुपारी १.१०

५ मिनिटांच्या लाइफटाइमवर सलग सहा रिकी पाहिल्या, सहाही वेळा एसपीआय बदलला, सगळ्या मिळून एकच पिंग हरवला. पिंग १३९४ ला उत्तर, १३९५ ला नाही, बाइट_मोजणींचा हिशेब तंतोतंत. एमएसएसचा एकच नियम होता, दुसरा घातला. आता फोल्डर लगेच उघडतं. डीव्हीआरचा गेटवे खरंच रिकामा होता.

टॅलीचा डेटा त्याच फोल्डरात आहे आणि तो अजून मंद आहे. ते याच टनेलमुळे का?

रॅक_ताई | मंगळवार, दुपारी १.३०

नाही, ते अंतरामुळे. शेअर्ड फोल्डरवरचा डेटा असंख्य लहान-लहान वाचनांनी येतो आणि प्रत्येक वाचनाला एक फेरी लागते. लॅनवर फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, टनेलमधून १५-२० मिलिसेकंदांची. बँडविड्थ दुप्पट केली तरी फेरीचा वेळ तोच राहतो. शिवाय लिहिणं चालू असताना टनेल तुटला तर डेटा बिघडण्याचा धोका. टॅली पुण्याच्याच मशिनवर चालवा आणि भिवंडीतून टनेलमधून रिमोट डेस्कटॉपने वापरा. ३३८९ पोर्ट इंटरनेटवर मात्र उघडू नका.

नवा_खांब | मंगळवार, दुपारी ४.००

भिवंडीला पब्लिक आयपी नसताना हे चाललं कसं? मला वाटायचं दोन्हीकडे स्टॅटिक आयपी लागतोच.

ईएसपी_पन्नास | मंगळवार, सायंकाळी ६.४५

एका बाजूला पुरतो. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा कॅरियर-ग्रेड नॅटसाठी राखून ठेवलेला आहे. वॅनवर त्यातला पत्ता दिसला की बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही. तुम्हीच बाहेर जाऊन टनेल सुरू करायचा. म्हणून भिवंडी इनिशिएटर आणि पुणं फक्त ऐकणारं, पॅसिव्ह. पुण्यात पीअरचा पत्ता ०.०.०.०/० असतो, त्यामुळे ओळख आयपीवरून होत नाही. दोन्हीकडे एफक्यूडीएन प्रकारचा (डोमेनसारखं नाव) आयडी द्या. ते नाव डीएनएसमध्ये असण्याची गरज नाही, दोन्हीकडे अक्षरशः सारखं असलं की झालं.

अशा ठिकाणी आयकेई-व्ही१ चा अ‍ॅग्रेसिव्ह मोड अजून बरेच जण वापरतात. कृपया नको. त्यात प्री-शेअर्ड कीपासून बनलेला हॅश एन्क्रिप्शनशिवाय जातो आणि तो पकडून की निवांत घरी बसून शोधता येते. आयईटीएफने (इंटरनेटची मानकं ठरवणारी संस्था) २०२३ मध्ये आरएफसी ९३९५ काढून आयकेई-व्ही१ अधिकृतपणे कालबाह्य ठरवलं आहे. की ३२ अक्षरांची, यादृच्छिक. कंपनीचं नाव आणि साल अशी नको.

नॅटमधली यूडीपीची नोंद शांत राहिली की पुसली जाते, काही ठिकाणी अर्ध्या मिनिटातच. नॅट कीपअलाइव्ह २० सेकंदांच्या पुढे नेऊ नका. डीपीडी (पलीकडचं टोक जिवंत आहे का ही तपासणी) १० ते ३० सेकंदांवर, चार-पाच प्रयत्न.

दोन्हीकडे कॅरियर-ग्रेड नॅट असेल तर दोन वाटा: दोन्हीकडे आयपीव्ही६ मिळत असेल तर टनेलची बाहेरची बाजू त्यावर न्या (प्रिफिक्स बदलतो, तेव्हा डायनॅमिक डीएनएस लागेल), किंवा मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये छोटा क्लाउड सर्व्हर घेऊन दोन्ही ऑफिसं त्याला जोडा.

नवा_खांब | मंगळवार, रात्री ८.३०

मग आयपीसेकऐवजी वायरगार्डचाच व्हीपीएन का नको? सेटिंग निम्मी आहेत.

बाइट_मोजणी | मंगळवार, रात्री ९.१५

दोन्ही टोकांना वायरगार्ड येत असेल तर मीही तेच निवडेन. इथे पुण्याचा फायरवॉल आयपीसेकच बोलतो, म्हणून विषय संपला. पण निवडलंच तर चार गोष्टी जपा.

पहिली, एमटीयू. आयपीव्ही४ वरून ६० बाइट जातात, आयपीव्ही६ वरून ८०. मूळ १४२० हा १५०० च्या लाइनसाठी आहे. पीपीपीओईवर १४१२ ठेवा, दोन्ही प्रकारांत चालतं.

दुसरी, नॅटमागच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद.

तिसरी, 'लास्ट हँडशेक' नीट वाचा. वाहतूक चालू असताना हँडशेक साधारण दर दोन मिनिटांनी नवा होतो आणि तीन मिनिटांपेक्षा जुनी किल्ली चालत नाही. कीपअलाइव्ह असूनही आकडा तीन मिनिटांच्या पुढे गेला तर टनेल मेला आहे, इंटरफेस 'रनिंग' दाखवत असला तरी. वायरगार्डचा इंटरफेस पलीकडे कोणी असो-नसो चालूच दिसतो.

चौथी कोणी सांगत नाही: घड्याळ. वायरगार्ड हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का पाठवतो आणि पलीकडचा राउटर आधीच्यापेक्षा जुना शिक्का नाकारतो. लहान राउटरांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज गेली, राउटर मागच्या वेळेसह उठला, की हँडशेक नाकारले जातात आणि कारण कुठेच दिसत नाही. एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणं) लावाच, आणि तो टनेलच्या आतला सर्व्हर नको. वेळेसाठी टनेल आणि टनेलसाठी वेळ अशी गाठ बसते. एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलचे (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हर द्या. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांतही तेच सांगितलेत, म्हणजे लॉगच्या वेळाही दोन्हीकडे जुळतील.

फोन_वायरिंग | बुधवार, सकाळी १०.३०

टनेल चालताना तपासला, आता तो पडताना तपासा. पलीकडे आयपी फोन असतील तर हे नक्की भेटतं: टनेल दोन मिनिटं गेला, परत आला, पीसी चालू झाले, फोन मात्र 'रजिस्टर होत नाही' वर अडकले.

कारण कनेक्शन ट्रॅकिंग, म्हणजे राउटर चालू कनेक्शनच्या ठेवतो त्या नोंदी. पीअर डिसेबल झाला की पॉलिसी निष्क्रिय होते. जीआरईसारखा टनेलचा वेगळा इंटरफेस असेल तर कीपअलाइव्हला उत्तर न आल्याने रूटच निघून जातो. त्या वेळी १०.१०.१.० कडे जाणारं पॅकेट मुळातल्या रूटने वॅनवर जातं, मास्करेड होतं आणि तशीच नोंद बनते. फोन थोड्या-थोड्या वेळाने पॅकेट पाठवत राहतो, यूडीपी स्ट्रीमची मुदत राउटरओएसमध्ये ३ मिनिटं, म्हणून ती चुकीची नोंद कधी मरतच नाही. टनेल आला तरी फोनची पॅकेट वॅनवरच जात राहतात. आत्ता सोडवायचं तर फायरवॉलच्या 'कनेक्शन्स'मध्ये त्या फोनच्या नोंदी पुसा.

कायमचा उपाय मांडणीप्रमाणे बदलतो. जीआरई किंवा वायरगार्ड असेल तर त्याच सबनेटचा ब्लॅकहोल रूट (पॅकेट टाकून देणारा) जास्त डिस्टन्सवर, समजा २५० वर ठेवा. शुद्ध पॉलिसीवाल्या आयपीसेकमध्ये मात्र ब्लॅकहोल रूट टाकू नका: रूट आधी बघितला जातो, पॉलिसी नंतर, त्यामुळे चांगल्या दिवसांतही पॅकेट पॉलिसीपर्यंत पोचणार नाही. तिथे फॉरवर्ड चेनमध्ये ड्रॉप नियम लावा: जाण्याचा पत्ता १०.१०.१.०/२४, आउट इंटरफेस लिस्ट वॅन, आयपीसेक-पॉलिसी 'आउट, नन'. हा नियम अ‍ॅक्सेप्ट आणि फास्टट्रॅकच्या वर हवा.

चाचणी अशी: भिवंडीची वॅन केबल दोन मिनिटं काढा, परत लावा, सगळं आपोआप येतंय का बघा. मग नुसता राउटर बंद-चालू, मग नुसता ओएनटी (लाइनवाल्यांचा फायबरचा डबा), मग दोन्ही एकदम, जसं वीज गेल्यावर होतं. पुण्याचा फायरवॉल रिस्टार्ट करून तेच पुन्हा. ओएनटी आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टवर चालणारे असतील तर दोन आउटपुटचा मिनी यूपीएस लावा. ओएनटीला पाठबळ आणि राउटरला नाही, असं बरेच ठिकाणी दिसतं.

नवा_खांब | बुधवार, दुपारी १२.००

दोन्ही ऑफिसांत १९२.१६८.१.०/२४ असेल तर?

रॅक_ताई | बुधवार, दुपारी १२.२०

एका बाजूचा पत्ता बदला. एक दिवस जातो, पण पुढची वर्षं सोपी जातात. अगदीच अशक्य असेल तर दोन्हीकडे नेटमॅप: एक बाजू १०.५१.१.०/२४ आणि दुसरी १०.५२.१.०/२४ म्हणून दाखवायची, आणि पॉलिसीत हेच खोटे पत्ते टाकायचे. मग डीएनएसपासून प्रिंटरपर्यंत प्रत्येक ठिकाणी दोन पत्ते सांभाळावे लागतात.

गोदाम_नेट | बुधवार, रात्री ९.००

ड्रॉप नियम लावला, केबल आणि विजेच्या चाचण्या झाल्या, टनेल प्रत्येक वेळी आपोआप आला. वेग कसा मोजावा? राउटरमधलं बँडविड्थ टेस्ट चालवलं तर सीपीयू १०० टक्के जातो.

बाइट_मोजणी | बुधवार, रात्री ९.४०

तो सीपीयू चाचणीच खाते आहे, आकडा सोडून द्या. दोन्हीकडच्या पीसीवर आयपर्फ-३ चालवा, पोर्ट ५२०१, ३० सेकंद. एकदा सरळ, एकदा -आर ने उलट, मग -पी ४ ने चार प्रवाह. एका प्रवाहाचा वेग कमी आणि चारांचा जवळजवळ चौपट आला तर टीसीपी विंडो आणि अंतर यांचा प्रश्न आहे: ६४ केबी विंडो आणि २० मिलिसेकंद फेरी असेल तर एका प्रवाहाला २६ एमबीपीएसच्या वर जाताच येत नाही. चारांचाही तेवढाच आला तर अडथळा लाइनचा किंवा राउटरचा.

तुमच्या एचईएक्सवर 'इन्स्टॉल्ड एसए' मध्ये एच हा झेंडा दिसतो का बघा. त्या चिपला एईएस-सीबीसी सोबत शा-१ किंवा शा-२५६ हार्डवेअरमध्ये जमतं. जीसीएम जमत नाही, ते सीपीयूवर येतं. 'जीसीएम नवीन म्हणून वेगवान' हे या राउटरला लागू नाही. तुमची सध्याची निवड बरोबर आहे.

गोदाम_नेट | गुरुवार, सकाळी ९.१५

एच दिसतोय. लाइन १०० एमबीपीएसची, चार प्रवाहांत ९१ आले, दोन्ही दिशांनी. शेवटचं: लाइफटाइम परत किती ठेवू? आणि हे बदल पुण्यात बसून करायचे आहेत.

ईएसपी_पन्नास | गुरुवार, सकाळी ९.५०

भिवंडी ३० मिनिटं, पुणं ६०. आयकेई-व्ही२ मध्ये लाइफटाइम ठरवून घेतला जात नाही, ज्याचा त्याचा असतो. दोन्ही सारखे ठेवले तर दोघं एकाच वेळी रिकी मागतात आणि काही जोड्यांत त्या धडकेत टनेल पडतो. वेगळे ठेवले की नेहमी भिवंडीच मागेल, आणि नॅटमागच्या बाजूने मागणंच योग्य. पुण्यात बाइटवर आधारित लाइफटाइमही आहे का बघा. काही फायरवॉलमध्ये तो मुळात साडेचार जीबीच्या आसपास असतो, मग रात्रीच्या बॅकअपला रिकी वारंवार होते.

दुरून बदलताना आधी एक्स्पोर्ट काढून पुण्यात उतरवून घ्या. मग भिवंडीच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड लावा. संपर्क तुटला तर काही मिनिटांत बदल आपोआप मागे जातात. पक्कं झालं की पुन्हा कंट्रोल-एक्स, नाहीतर खिडकी बंद करताना केलेलं सगळं जाईल. दोन्हीकडे बदलायची गोष्ट असेल तर आधी भिवंडी, मग पुणं. पुणं तुमच्या हाताशी आहे. आणि भिवंडीत टनेलशिवाय शिरायची एक वाट असू द्या, गोदामातल्या पीसीवरचा रिमोट किंवा ४जी डोंगल, कारण टनेलचं सेटिंग टनेलमधूनच बदलताना तो पडला तर गाडी काढून जावं लागतं.